उसाचा दर, औषधाची किंमत आणि जिनिव्हाचा निवाडा

(नवी दिल्ली येथे कस्तुरबा गांधी मार्गावर भरलेल्या मराठी भाषकांच्या सभेतील भाषणाचा मजकूर)



ही सभा ज्या रस्त्यावर भरली आहे त्याचे पूर्वीचे नाव कर्झन रोड. १८९९ ते १९०५ या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड कर्झनचे नाव स्वातंत्र्यानंतर काढण्यात आले आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ब्रिटिशांच्या बंदिवासात २२ फेब्रुवारी १९४४ रोजी प्राण सोडणाऱ्या कस्तुरबांचे नाव या रस्त्याला मिळाले. कर्झनच्या अमदानीत मुंबईच्या गिरण्यांत निघणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन कर होता. १८९६ साली तो या दराने बसला. सरकारी तिजोरी भरावी हा काही त्याचा मुख्य हेतू नव्हता. लँकेशायरहून येणाऱ्या कापडावर तेवढीच आयात जकात होती आणि त्या जकातीचा आडोसा मुंबईच्या कापडाला मिळू नये यासाठी हा कर होता. निर्णय लंडनचा आणि झळ गिरणगावाला, अशी ही व्यवस्था जवळजवळ तीस वर्षे टिकली. १९२५ साली पगारकपातीविरुद्ध मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी संप केला आणि तो सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत नेटाने चालवला. तेव्हा कोठे सरकारने कर स्थगित केला, मालकांनी कपात मागे घेतली आणि पुढच्या वर्षी तो कर कायमचा गेला. मालकांच्या अर्जविनंत्यांना वर्षानुवर्षे जे साधले नव्हते ते कामगारांच्या चिकाटीने तीन महिन्यांत साधले.

धोरण दूर कोठेतरी ठरावे आणि त्याचे परिणाम येथील कष्टकऱ्यांनी भोगावे, हा अनुभव या देशाला नवा नाही. मात्र कर्झनच्या काळातील सत्ता लादलेली होती. आज राष्ट्रांच्या वर बसलेल्या संस्थांना अधिकार मिळतो तो राष्ट्रांच्या सरकारांनी केलेल्या सह्यांतून. त्यामुळे प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. सही कोणी केली, कोणाला विचारून केली आणि त्या सहीनंतर आपल्या संसदेच्या, विधानसभेच्या व जनतेच्या हाती नेमके काय उरले, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

सही कोणाची, विषय कोणाचा?

आर्थर डंकेल यांनी डिसेंबर १९९१ मध्ये मांडलेला मसुदा महाराष्ट्रात 'डंकेल प्रस्ताव' म्हणून गाजला. गावोगाव त्याविरुद्ध सभा झाल्या. अखेर १५ एप्रिल १९९४ रोजी मोरोक्कोतील माराकेश येथे करारावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. भारताच्या वतीने सही करणारे व्यापारमंत्री होते प्रणव मुखर्जी. या सहीसाठी संसदेच्या पूर्वसंमतीची गरज नव्हती. आपल्या राज्यघटनेत केंद्र सूचीची चौदावी नोंद परराष्ट्रांशी करार करण्याची आहे आणि असे करार संसदेने मंजूर केलेच पाहिजेत असे बंधन घटनेत कोठेही नाही. योगायोग असा की राज्य सूचीची चौदावी नोंद शेतीची आहे. केंद्राने करार केला की कलम २५३ अन्वये तो अमलात आणण्यासाठी संसदेला राज्यांच्या विषयांवरही कायदा करता येतो. याचा अर्थ असा, की शेती राज्याची असली तरी शेतीविषयीच्या कराराची लेखणी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या हातात असते.

याच रस्त्यावर महाराष्ट्र सदनाची नवी वास्तू २०१३ पासून उभी आहे. राज्याचे मंत्री व अधिकारी दिल्लीत येतात, तेथे उतरतात, केंद्रीय मंत्रालयांत निवेदने देतात. परंतु ज्या टेबलावर उसाच्या, कापसाच्या आणि कांद्याच्या धोरणाच्या मर्यादा आखल्या गेल्या त्या टेबलापाशी महाराष्ट्राला खुर्ची नव्हती. माराकेशच्या कराराच्या अधिकृत भाषा तीन आहेत : इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश. ज्यांच्या शेतीचा व्यवहार त्या कलमांनी बांधला गेला त्या कोट्यवधी शेतकऱ्यांना त्यातील एकही भाषा वाचता येत नाही.

पूर्वीच्या गॅट व्यवस्थेत आणि या नव्या संघटनेत एक मूलभूत फरक आहे. गॅटमध्ये हरलेला देश निवाड्याचा स्वीकार अडवू शकत असे. १९९५ नंतर नियम उलटा झाला. सर्व सदस्यांनी, म्हणजे जिंकलेल्या देशानेसुद्धा, एकमताने नाकारला तरच निवाडा नामंजूर होतो. व्यवहारात याचा अर्थ निवाडा आपोआप बंधनकारक होणे. सल्लागार व्यासपीठाचे न्यायपीठ झाले ते या बदलाने.

एफआरपी : शिरोळात हक्क, जिनिव्हात अनुदान

आता आपल्या ओळखीच्या पिकाकडे येऊ. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ अन्वये केंद्र सरकार दर हंगामाला उसाचा दर जाहीर करते. २००९ सालच्या दुरुस्तीपासून तो 'रास्त व किफायतशीर दर' म्हणून, म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडी 'एफआरपी' म्हणून ओळखला जातो. हा दर सरकार देत नाही, तो कारखान्याने द्यावयाचा असतो. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत रक्कम दिली नाही तर पंधरा टक्के व्याज द्यावे, असे कायदा सांगतो. २०१८-१९ च्या हंगामात दहा टक्के उताऱ्याला हा दर क्विंटलला २७५ रुपये, म्हणजे टनाला २,७५० रुपये होता. थकीत एफआरपीसाठी शिरोळ, वाळवा, माळशिरस येथील शेतकऱ्यांनी किती आंदोलने केली आणि पुण्याच्या साखर आयुक्तालयावर किती वेळा धडक दिली हे येथे सांगावयास नको.

२०१९ च्या आरंभी ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या साखर निर्यातदार देशांनी भारताविरुद्ध तक्रारी दाखल केल्या. तक्रारीला दोन बाजू होत्या. एक निर्यातीची : कारखान्याने ठरवून दिलेला निर्यात कोटा पूर्ण केल्यास उसामागे क्विंटलला काही रक्कम (२०१८-१९ मध्ये १३ रुपये ८८ पैसे) केंद्र सरकार शेतकऱ्याच्या खात्यात भरत असे. दुसरी बाजू उसाच्या दराची, आणि आपल्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची आहे. शेतीविषयक करारानुसार भारतासारख्या देशाला एखाद्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या दहा टक्क्यांपर्यंतच 'बाजारभाव साहाय्य' देता येते. तक्रारदारांचे म्हणणे असे की भारताने उसाच्या बाबतीत ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली.

भारताचा बचाव सरळ होता. सरकार ऊस विकत घेत नाही, दर कारखाने देतात, तिजोरीतून त्यासाठी पैसा जात नाही. मग हे सरकारी साहाय्य कसे? १४ डिसेंबर २०२१ रोजी पॅनेलचा अहवाल आला आणि हा बचाव फेटाळला गेला. सरकारने खरेदीदार असण्याची गरज नाही, कायद्याने दर ठरवून दिला तरी ते साहाय्यच होय, असा त्याचा सारांश. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत भारताने मर्यादा मोडली असे पॅनेलने ठरवले.

हे साहाय्य मोजण्याची रीत समजून घेतल्याशिवाय त्यातील अन्याय कळत नाही. सरकारने ठरवलेला आजचा दर घ्यावयाचा, त्यातून १९८६ ते १९८८ या तीन वर्षांच्या सरासरीचा 'संदर्भ दर' वजा करावयाचा आणि उरलेल्या फरकाला उत्पादनाने गुणावयाचे. जो आकडा येईल ते साहाय्य! १९८८ साली पहिल्यांदा उसाची लागण करणारा शेतकरी आज नातवंडांचा आजोबा झाला आहे. या काळात डिझेल वाढले, खते वाढली, ऊसतोडीची मजुरी वाढली. परंतु जिनिव्हाच्या गणितात बाजारभाव त्या जुन्या वर्षांतच थांबून राहिला आहे. महागाईने वाढलेला प्रत्येक रुपया या गणितात अनुदान म्हणून मोजला जातो. अतिरेकी महागाईचा विचार व्हावा असे एक वाक्य करारात आहे खरे, परंतु संदर्भ वर्षे मात्र तीच राहिली.

आणि दहा टक्क्यांची ही मर्यादा सर्वांना सारखी आहे काय? मुळीच नाही. ज्यांनी १९८६-८८ च्या काळात आपल्या शेतीवर भरमसाट अनुदाने उधळली होती त्यांना ती काही प्रमाणात कमी करून पुढे चालू ठेवण्याचा हक्क मिळाला. अमेरिकेचा हा हक्क वर्षाला १९ अब्ज १० कोटी डॉलरचा, युरोपीय संघाचा सुमारे ७२ अब्ज युरोचा. ज्यांनी त्या वेळी असे साहाय्य दिले नव्हते त्यांच्या नावावर शून्य लिहिले गेले. आधी जो जास्त खर्च करीत होता त्याला पुढेही जास्त खर्च करण्याचा परवाना, असा हा नियम.

या निवाड्याचा खरा धोका उसाच्या फडापुरता मर्यादित नाही. दिल्लीच्या सीमांवर २०२०-२१ मध्ये वर्षभर ठाण मांडून बसलेल्या शेतकऱ्यांनी तीन कृषी कायदे मागे घ्यावयास लावले. त्यांची दुसरी मागणी किमान आधारभूत किमतीला कायद्याची हमी मिळावी ही होती. खाजगी व्यापाऱ्याने सुद्धा ठरलेल्या किमतीखाली खरेदी करू नये, असा तिचा आशय. विचार करा : ऊस हे असे पीक आहे की ज्याला ही हमी अगोदरपासून आहे. जिनिव्हाच्या पॅनेलने बोट ठेवले ते नेमके याच हमीवर. म्हणजे जो कायदा संसदेने अजून केलेलाही नाही, त्याच्या वाटेत हा निवाडा आधीच येऊन उभा राहिला आहे.

संसदेने न केलेला कायदा

असे यापूर्वी घडले आहे काय? घडले आहे, आणि औषधांच्या बाबतीत घडले आहे.

१९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या रेणूवर मक्तेदारी नाही, फक्त ते तयार करण्याच्या प्रक्रियेवर पेटंट, आणि तेही अल्प मुदतीचे, असे त्याचे सूत्र होते. या कायद्याच्या आधारावर देशी औषध उद्योग उभा राहिला. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरना देऊ केला, तेव्हा बहुराष्ट्रीय कंपन्यांचा दर दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेतील लक्षावधी रुग्णांच्या आशेला या देशातील एका कायद्याचा असा आधार मिळाला होता.

माराकेशच्या करारातील 'ट्रिप्स' या भागाने वीस वर्षांचे उत्पादन-पेटंट बंधनकारक केले. भारताला त्यासाठी १ जानेवारी २००५ पर्यंत मुदत होती, परंतु दरम्यान कंपन्यांचे अर्ज स्वीकारून ठेवण्याची सोय करणे भाग होते. ३१ डिसेंबर १९९४ रोजी सरकारने वटहुकूम काढला. त्याला कायद्याचे रूप देणारे विधेयक मार्च १९९५ मध्ये लोकसभेत मंजूर झाले. राज्यसभेत मात्र ते प्रवर समितीकडे गेले. २६ मार्चला वटहुकूम संपुष्टात आला. मे १९९६ मध्ये लोकसभा बरखास्त झाली आणि विधेयकही संपले. लोकशाहीच्या सर्वसाधारण समजुतीप्रमाणे संसदेने कायदा केला नाही, म्हणजे विषय तेथे थांबावयास हवा होता.

तो थांबला नाही. सरकारने पेटंट कार्यालयाला प्रशासकीय आदेश देऊन अर्ज स्वीकारणे चालूच ठेवले. तो आदेश प्रसिद्धही झाला नव्हता. अमेरिकेने तक्रार केली. १९ डिसेंबर १९९७ रोजी अपील मंडळाने निर्णय दिला, की मूळ कायदा तसाच असताना केवळ अशा प्रशासकीय आदेशाला भक्कम कायदेशीर आधार म्हणता येत नाही. भारताने कराराचा भंग केला आहे. मार्च १९९९ मध्ये संसदेने दुरुस्ती मंजूर केली. सही काँग्रेस सरकारने केली, जिनिव्हातील खटला मुख्यतः संयुक्त आघाडी सरकारच्या काळात चालला आणि कायदा भाजपच्या नेतृत्वाखालील सरकारने केला. दिल्लीत मतदारांनी सरकारे बदलली, धोरणाची दिशा मात्र बदलली नाही. अधिकार वर सोपवण्याचा हा पहिला परिणाम : निवडणुकीच्या निकालाला पोहोचता येणार नाही अशा जागी विषय नेऊन ठेवला जातो.

दोन संस्था, एक निकाल

दुसरा परिणाम असा, की या संस्था एकमेकींच्या हातात हात घालून चालतात. भारत परकीय चलनाच्या टंचाईच्या कारणाने हजारो वस्तूंच्या आयातीवर संख्यात्मक निर्बंध ठेवीत असे. ते टप्प्याटप्प्याने २००३ पर्यंत काढण्याबाबत युरोपीय समुदाय आणि इतर काही देशांशी समझोता झालाही होता. अमेरिकेला ते मान्य झाले नाही. खटल्यात प्रश्न आला, की भारताची परकीय गंगाजळी पुरेशी आहे काय? पॅनेलने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला विचारले. नाणेनिधीने कळवले, की नोव्हेंबर १९९७ मध्ये भारताकडे २५ अब्ज १० कोटी डॉलर होते आणि १६ अब्ज डॉलर पुरेसे ठरले असते.

त्याच वर्षी आग्नेय आशियातील देशांची गंगाजळी बघता बघता वाहून गेली होती. अशा वेळी किती साठा पुरेसा, हा प्रश्न केवळ हिशेबाचा राहत नाही. किती धोका पत्करावयाचा आणि तो कोणाच्या जिवावर पत्करावयाचा, हा राजकीय प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्याचा मान देशाच्या संसदेला मिळाला नाही. ऑगस्ट १९९९ मध्ये अपिलातही भारत हरला आणि १ एप्रिल २००० रोजी ७१४, तर १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरील निर्बंध उठले.

उरलेली जागा

एवढे ऐकल्यावर कोणी म्हणेल, की मग सारे संपलेच. करार झाला, हात बांधले गेले, आता आंदोलने कशासाठी? सत्ताधारी वर्गाला नेमका हाच समज हवा असतो. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे.

डिसेंबर २००४ मध्ये उत्पादन-पेटंटसाठी वटहुकूम निघाला. तेव्हाचे केंद्र सरकार साठच्या आसपास डाव्या खासदारांच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर उभे होते आणि संसदेबाहेर आरोग्य चळवळी, रुग्णांच्या संघटना व शास्त्रज्ञ विरोधात उतरले होते. मार्च २००५ मध्ये जो कायदा मंजूर झाला तो वटहुकमापेक्षा बराच निराळा होता. पेटंट मिळण्यापूर्वी हरकत घेण्याचा हक्क बळकट झाला आणि जुन्या औषधात किरकोळ फेरबदल करून नवी मक्तेदारी मिळवण्याला आळा घालणारे कलम ३(घ) त्यात आले. जिनिव्हाचा करार तोच होता, त्याचे एक अक्षरही बदलले नव्हते. बदलले होते येथील शक्तींचे बलाबल.

त्या कलमाचे मोल पुढे सर्वांना दिसले. नोव्हार्टिस कंपनीने रक्ताच्या कर्करोगावरील औषधासाठी आधी मद्रास उच्च न्यायालयात या कलमालाच आव्हान दिले, ते २००७ साली फेटाळले गेले. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही पेटंट नाकारले. त्याआधी मार्च २०१२ मध्ये मुंबईत पेटंट नियंत्रकांनी बायरच्या कर्करोगाच्या औषधासाठी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळणारे औषध ८,८८० रुपयांना देण्याची अट त्यात होती. भारतातील हा पहिला सक्तीचा परवाना मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली कायम केला.

आता याची दुसरी बाजू पाहा. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने कोविडच्या लशी व औषधांसाठी ट्रिप्सची बंधने शिथिल करण्याचा प्रस्ताव मांडला. प्रस्ताव स्वागतार्हच होता. परंतु एप्रिल २०२१ च्या अखेरीस, इस्पितळांपुढे रांगा लागलेल्या असताना, सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला विचारले, की आपल्याच पेटंट कायद्यातील अधिकार का वापरत नाही? तेव्हा सरकारने प्रतिज्ञापत्रात सांगितले, की आंतरराष्ट्रीय पातळीवर राजनैतिक प्रयत्न चालू असताना या अधिकारांची चर्चासुद्धा प्रतिकूल ठरेल. करार परवानगी देत होता, संसदेचा कायदा परवानगी देत होता. सरकारने हात आवरला आणि बोट जिनिव्हाकडे दाखवले. तेथील वाटाघाटी जून २०२२ पर्यंत रेंगाळल्या आणि निष्पन्न झाली ती केवळ लशींपुरती, मर्यादित सवलत.

अधिकार वर सोपवण्याचा हा तिसरा आणि सर्वांत घातक परिणाम. वरची संस्था खालच्या सरकारला जेवढी बांधते त्याहून अधिक ती त्याला निमित्त पुरवते. जे करावयाचेच नसते ते 'करता येत नाही' म्हणून सांगता येते. देशी मक्तेदार भांडवल आणि परदेशी वित्त भांडवल यांच्या हिताचा निर्णय घ्यावयाचा, आणि त्याचा दोष मात्र परक्या शहरातील एका इमारतीवर ढकलावयाचा, ही सोय कोणत्या सत्ताधाऱ्याला नको असेल?

नियम दुबळ्यांचे रक्षण करतात काय?

एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. नियमच नसतील तर बलाढ्य देश दुबळ्यांना चिरडतील, निदान न्यायपीठापुढे सर्व समान असतात, असे म्हटले जाते. त्यात तथ्याचा अंश आहे. अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझीलने २००२ साली तक्रार केली आणि मार्च २००५ मध्ये अपील मंडळापुढेही तो जिंकला. निवाडा अमेरिकेविरुद्ध गेला, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढे काय झाले ते मात्र पाहावे. या संघटनेकडे फौज नाही. तिची शिक्षा एकच, जिंकलेल्या देशाने हरलेल्याच्या मालावर व्यापारी प्रतिबंध लावणे. ब्राझीलला ती धमकी देणे शक्य होते. २०१० पासून अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यावयाचे कबूल केले आणि २०१४ साली आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. आपल्या शेतकऱ्यांची अनुदाने थांबवण्याऐवजी तक्रारदाराला पैसे चुकते करणे तिने पत्करले. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या कापसावर जगणाऱ्या गरीब देशांना आणि यवतमाळ-वर्ध्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्यातून काय मिळाले? अमेरिकी अनुदानाने पडलेल्या जागतिक भावाची झळ त्यांनाही लागलीच होती, पण तडजोडीच्या टेबलावर ते नव्हते.

आणि जेव्हा अपील मंडळाचे निर्णय अमेरिकेला डाचू लागले तेव्हा तिने त्यावरील नेमणुकाच अडवल्या. डिसेंबर २०१९ पासून ते मंडळ खटला ऐकण्याइतक्या सदस्यांविना निकामी झाले. साखरेच्या निवाड्याविरुद्ध भारताने अपील केले ते अशा रिकाम्या पीठापुढे. त्यामुळे पॅनेलचा अहवाल तूर्त बंधनकारक झालेला नाही. परंतु दुसऱ्याने मोडलेल्या न्यायपीठाच्या आडोशाला कायम राहता येईल असे समजणे म्हणजे शेजाऱ्याच्या पडक्या भिंतीवर आपले छप्पर टेकवण्यासारखे आहे. पीठ पुन्हा उभे राहिले की अहवाल तेथेच असेल आणि १९८६-८८ चे गणितही तेथेच असेल.

मागण्या

साथींनो, जगाशी व्यवहार तोडून बसावे असे येथे कोणी सुचवीत नाही. साथीचे रोग, समुद्र, हवामान, व्यापार यांसाठी राष्ट्रांना एकत्र बसून नियम करावेच लागतील. नियम कोणी, कोणाला विचारून आणि कोणासाठी केले, हा खरा प्रश्न आहे. म्हणून श्रमिक चळवळीने पुढील मागण्या लावून धरल्या पाहिजेत.

पहिली : कोणताही बंधनकारक आर्थिक करार संसदेपुढे चर्चेला आणून तिच्या संमतीनंतरच अंतिम व्हावा आणि त्यासाठी घटनेत तरतूद व्हावी. दुसरी : शेतीसारख्या राज्य सूचीतील विषयांवर वाटाघाटी करण्यापूर्वी राज्यांच्या विधानसभांचे मत घेणे सक्तीचे असावे, महाराष्ट्राच्या विधानसभेने ही मागणी स्वतः ठरावाने करावी. तिसरी : कराराचा मसुदा सहीपूर्वीच मराठीसह सर्व भारतीय भाषांत प्रसिद्ध व्हावा, कारण जे वाचता येत नाही त्याला संमती देता येत नाही. चौथी : पेटंट कायद्यातील सक्तीच्या परवान्यासह जे जे अधिकार आज हाती आहेत ते सरकारने प्रत्यक्ष वापरावे. पाचवी : जिनिव्हात संदर्भ दर बदलून घेतल्याखेरीज शेतीवरील कोणतीही नवी बंधने भारताने स्वीकारू नयेत आणि आधारभूत किमतीच्या कायदेशीर हमीचा निर्णय संसदेने कोणत्याही निवाड्याची वाट न पाहता घ्यावा.

या मागण्या निवेदनांनी मान्य होणार नाहीत. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत रक्ताळलेल्या पायांनी चालत गेलेल्या शेतकरी-आदिवासींनी निवेदन कसे द्यावयाचे असते ते दाखवून दिले आहे. आता गरज आहे ती दूरच्या कराराचा हिशेब गावच्या भाषेत मांडण्याची. उसाच्या प्रत्येक परिषदेत, कापसाच्या प्रत्येक खरेदी केंद्रावर, औषधासाठी रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या नातेवाइकापुढे हे मांडले गेले पाहिजे. या हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यापाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला दराइतकीच १९८६-८८ ही संदर्भ वर्षे तोंडपाठ असली पाहिजेत. ते काम तुम्हा-आम्हा सर्वांचे आहे.